नुसता ‘बांबू द्या’ म्हणून भागत नाही

नाशिकचा माणूस बाजारात जाऊन नुसती ‘द्राक्षं’ मागत नाही. थॉमसन आहे का, सोनाका आहे का, शरद आली का, असं विचारतो. एक मणी तोंडात टाकतो आणि मग भावाचं बोलतो. तोच माणूस नर्सरीत गेला की म्हणतो, ‘दादा, एक बांबू द्या.’ दादा काळ्या पिशवीतलं काहीतरी हिरवं काढून देतात. तो कोणता बांबू, किती उंच होणार, जमिनीखाली कुठे पसरणार, हे घेणारा विचारत नाही आणि देणाऱ्याला बऱ्याचदा ठाऊकही नसतं.

हे मी ठेच खाऊन लिहितोय. आमच्या रो-हाउसच्या कुंपणाला लागून मी ‘शोभेचा पिवळा बांबू’ लावला होता. ‘डोक्याच्या वर जात नाही साहेब,’ असं सांगून मला तो दिला गेला. पहिली दोन वर्षं त्याने शब्द पाळला. तिसऱ्या पावसाळ्यात बुंध्याशी मनगटाएवढा कोंब दिसला. मी कौतुकाने फोटो काढला. दिवाळीत आकाशकंदील लावायला गच्चीवर गेलो, तर तो कोंब आमच्या गच्चीच्या वर जाऊन विजेच्या तारेकडे झुकला होता.

सध्या हा विषय पुन्हा निघालाय. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीत तपोवनातली झाडं तोडण्यावरून वाद पेटला, तेव्हापासून शहरात कुठेही झाडं लावण्याची चर्चा निघाली की कुणीतरी म्हणतंच, ‘बांबू लावा, झटपट वाढतो.’ वाढतो हे खरं. पण कोणता?

झाड नाही, गवत आहे

बांबू हा ऊस, ज्वारी, गहू, भात यांच्या भाऊबंदांतला. उसाचं कांडं डोळ्यांसमोर आणा: गाठ, गाठीवर डोळा, दोन गाठींच्या मध्ये पेर. बांबूची रचना हीच, फक्त पेर बहुधा पोकळ.

आंब्याचं किंवा कडुनिंबाचं खोड दरवर्षी थोडं थोडं जाड होतं. बांबूचं होत नाही. कोंब जमिनीतून डोकं काढतो तो आपली कायमची जाडी घेऊनच. जुन्या ट्रान्झिस्टरची एरियल आठवते? एकात एक बसलेल्या नळ्या ओढल्या की उंच होत जायची. बांबूचं तसंच आहे. सगळी पेरं कोंबात आधीच एकात एक बसलेली असतात, ती पावसाळ्यात सरसर बाहेर सरकतात. दोन-चार महिन्यांत पूर्ण उंची गाठली जाते आणि त्या काठीची उंची तिथेच संपते. पुढची तीनेक वर्षं ती फक्त आतून टणक होत जाते.

मग माझा बांबू दोन वर्षं बुटका का राहिला? कारण जमिनीखालचा साठा अजून लहान होता. साठा जसा वाढतो तसे दरवर्षीचे नवे कोंब आधीच्यापेक्षा जाड आणि उंच निघतात. म्हणून पिशवीतल्या करंगळीएवढ्या काडीवरून पुढचा अंदाज बांधणं म्हणजे बारशाला बाळाच्या बुटाचं माप घेऊन लग्नाचे जोडे शिवण्यासारखं आहे. शेंडा छाटूनही फक्त तीच काठी थांबते. पुढच्या पावसाळ्यातला कोंब त्याच्या मनाला येईल तितकाच वाढतो.

कायद्याने मात्र बांबूला बराच काळ झाड मानलं. १९२७ च्या भारतीय वन कायद्यातल्या व्याख्येमुळे शेतातला बांबू तोडायचा, वाहून न्यायचा तर परवान्यांच्या मागे फिरावं लागे. २०१७ च्या दुरुस्तीने बांबू ‘झाड’ या व्याख्येतून काढला आणि वनक्षेत्राबाहेरचा बांबू मोकळा झाला. लोक आता शेताच्या बांधावर बिनधास्त बांबू लावू लागलेत, त्यात या दुरुस्तीचा मोठा हात आहे.

जमिनीखाली केळ आहे की हरळी?

एकच पारिभाषिक शब्द घेऊ: राइझोम. जमिनीखाली आडवं वाढणारं खोड म्हणजे राइझोम. आलं आणि हळद हे आपण रोज खातो ते राइझोमच. यापुढे त्याला कंद म्हणू.

बांबूचे कंद दोन स्वभावांचे असतात. पहिला बेटाचा. त्याचा कंद आखूड आणि जाड असतो, थोडं पुढे सरकून लगेच वर वळतो आणि कोंब होतो. केळीला बुंध्यालगत मुनवे फुटतात तसंच हे. बेट दरवर्षी वीतभर, हातभर रुंद होतं, एवढंच. दुसरा स्वभाव धावता. त्याचा कंद बारीक आणि लांब असतो, जमिनीखालून पळत जातो आणि भलत्याच ठिकाणी वर येतो. शेतकऱ्याला हे समजवायला नको, ही हरळीची रीत आहे. ज्याने द्राक्षबागेत हरळी खणली आहे त्याला धावता बांबू म्हणजे काय ते एका वाक्यात कळतं.

आपल्याकडच्या रानातले आणि शेतातले बांबू बहुतेक सगळे बेटाचे. धावते बांबू प्रामुख्याने चीन-जपानकडच्या थंड हवेतले, फायलोस्टॅकिस या घराण्यातले. पण आता रोपं ऑनलाइन मिळतात आणि गोंधळ नावातच आहे. ‘गोल्डन बांबू’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. एक आपला पिवळा, हिरव्या रेघांचा बेटाचा बांबू, आणि दुसरा फायलोस्टॅकिस ऑरिया नावाचा धावता. पहिला फार तर गच्चीच्या वर जाईल. दुसरा शेजाऱ्याच्या पार्किंगमधून वर येईल.

ओळखायची खूण सोपी आहे. फांदी फुटते तिथून वरच्या पेरावर अंगठा फिरवा. धावत्या फायलोस्टॅकिसला तिथे पन्हाळीसारखी खाच लागते आणि गाठीवर प्रामुख्याने दोनच फांद्या असतात, एक मोठी, एक लहान. बेटाच्या बांबूचं पेर बहुधा गोल असतं आणि गाठीवर फांद्यांचा झुबका असतो. तरीही धावताच हवा असेल तर कुंडीत लावा, किंवा भोवती दोन-अडीच फूट खोल जाड प्लास्टिकचा पत्रा उभा गाडा आणि त्याची कड जमिनीच्या दोन इंच वर ठेवा.

जाता जाता: पाण्याच्या काचेत ठेवतात तो ‘लकी बांबू’ हा बांबू नाहीच, ड्रासिना आहे.

काटक म्हणजे नेमकं काय?

परदेशी लेखांत काटक बांबू म्हणजे बर्फात टिकणारा. आपल्याला त्याचं काय करायचंय? निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा चार-पाच अंशांवर उतरला की बातमी होते, पण तेवढ्या थंडीने मुरलेलं बेट मरत नाही. मानवेल जातीचा बांबू तर शून्याखालीसुद्धा तग धरतो. थंडीचा फटका बसतो तो कुंडीतल्या कोवळ्या रोपांना आणि नुकत्याच निघालेल्या पानांना.

आपल्याकडे बांबूची खरी परीक्षा दोनदा होते. एप्रिल-मेमध्ये, जेव्हा कोरडा वारा पानांतलं पाणी ओढून नेतो. आणि भर पावसाळ्यात, जेव्हा काळ्या मातीत पाणी आठ-आठ दिवस साचून कंद सडतो. त्यातही नाशिक जिल्हा म्हणजे एक मुलूख नाही. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, शहरात सातशेच्या आसपास, आणि येवला-नांदगावकडे त्याहूनही कमी. इगतपुरीच्या पाहुण्याकडे झकास वाढलेला बांबू येवल्यात नेऊन लावला आणि तो रुसला, तर दोष बांबूचा नाही.

नाव कसं ओळखायचं?

पानांवरून ओळखायला जाऊ नका, पानं सगळ्यांची भावंडांसारखी दिसतात. खरं आधार कार्ड म्हणजे कोंबाभोवतीची खोळ. प्रत्येक पेराला कोवळेपणी मक्याच्या कणसासारखं एक जाड आवरण असतं. काठी वाढली की ते बहुधा गळून पडतं. श्रावण-भाद्रपदात बेटाखाली वाकलात की मिळेल.

मी माझ्या बेटाखालची पहिली खोळ अशीच उचलली. तळहाताएवढी, चामड्यासारखी, आतून गुळगुळीत, बाहेरून बारीक गडद केसांनी भरलेली. ते केस बोटांत घुसले आणि संध्याकाळपर्यंत खाज गेली नाही. पण ओळख तिथेच पटली. खोळीच्या वरच्या टोकाला एक छोटं त्रिकोणी पातं होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कानासारखे दोन ठळक उंचवटे. कान, केस आणि पातं हे सगळं पिवळ्या काठीशी जुळवलं तर उत्तर एकच: बांबुसा व्हल्गॅरिस. जाड, उंच, पाणी मिळालं की सुसाट. नर्सरीत जाताना जुन्या बेटाची एक खोळ पिशवीत घालून न्या आणि मोठं बेट दाखवायला सांगा. जिथे मोठं बेट दाखवता येत नाही, तिथे नावावर भरवसा ठेवू नका.

काही बांबू खोळीवाचूनही ओळखता येतात.

मानवेल (डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस) म्हणजे आपला लाठीचा बांबू. काठी भरीव किंवा जवळजवळ भरीव, गाठी फुगीर, आणि उन्हाळ्यात पानं झाडून बसतो. घाबरू नका, मेलेला नसतो. पेठ-सुरगाण्याकडच्या माणसाला हा ओळखून द्यावा लागत नाही. निचऱ्याच्या मुरमाड जमिनीत याच्याइतका काटक दुसरा नाही. साचलेलं पाणी मात्र त्याला खपत नाही.

कळक (बांबुसा बांबोस) काट्यावरून लगेच कळतो. गाठीगाठीला वाकडे काटे आणि खालच्या फांद्यांचं असं जाळं की कुत्रंही आत शिरत नाही. ओढ्याकाठची माती धरायला किंवा शेताला कुंपण म्हणून उत्तम. लहान मुलं खेळतात त्या बागेत कुणी लावला तर त्याला आधी स्वतः बेट साफ करायला लावावं.

माणगा (डेंड्रोकॅलॅमस स्टॉक्सी) हा मूळचा कोकण आणि त्याखालच्या घाटपट्ट्यातला. काटे नाहीत, काठी बुडाकडे भरीव, आणि बेट मोकळं ढाकळं, त्यामुळे तोडायला सोपं. आपल्याकडे त्याला उन्हाळ्यात पाणी द्यावं लागेल, पण शेताच्या बांधासाठी मला हा फार आवडतो.

बाल्कुआ हा जाड भिंतीचा, उंच बांबू. ‘भीमा’ म्हणून जी रोपं गाजतात ती याचीच निवड. जागा असेल तरच लावा. तीन गुंठ्यांच्या प्लॉटवर भीमा लावणं म्हणजे फ्लॅटच्या बाल्कनीत बैल बांधणं.

मग घरी लावायचा तरी कोणता?

घराच्या कुंपणाला माझं मत एकाच नावाला: बांबुसा मल्टिप्लेक्स, नर्सरीत ज्याला हेज बांबू म्हणतात. काठी अंगठ्याएवढी, पानं बारीक, खालून रुपेरी. मोकळा सोडला तर वीसेक फुटांपर्यंत जाऊ शकतो, पण छाटणीला ऐकतो आणि सहा-आठ फुटांवर छान राहतो. बेटाचा आहे, थंडीला बऱ्यापैकी दणकट आहे. दोन-तीन फुटांवर एक रोप लावलं की दोन-तीन पावसाळ्यांत आडोसा तयार होतो. गच्चीवर अर्ध्या ड्रममध्येही जमतो, फक्त मे महिन्यात रोज पाणी घालायचा कंटाळा करू नका.

कुंडीत गंमत हवी असेल तर ‘बुद्धा बेली’ घ्या. याची पेरं ढेरीसारखी फुगतात. लोक तक्रार करतात की दुकानदाराने फसवलं, याला ढेरी येतच नाही. पण ही ढेरी उपासमारीची आहे. कुंडीत, कमी पाण्यावर ती सुटते. जमिनीत लावून खतपाणी केलंत की बेटा सरळसोट वाढतो. माणसांच्या बरोबर उलट.

सार्वजनिक उद्यानाला वेगळा हिशेब लागतो. तिथे सावली हवी, काटे नकोत आणि बेट आटोपशीर हवं. थायलंड-म्यानमारकडचा थायरसोस्टॅकिस सियामेन्सिस तिथे शोभतो. काठ्या बारीक, सरळ, एकमेकींना खेटून, जणू बांधलेली मोळी. खोळ गळत नाही, काठीला चिकटून राहते, हीच त्याची खूण. पाण्याची ओढही सोसतो.

लावणं सोपं, राखणं कठीण

लावायचं जून-जुलैत, पहिला दमदार पाऊस झाल्यावर. दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा, अर्धी माती आणि अर्धं मुरलेलं शेणखत. काळी माती असेल तर खड्ड्याऐवजी वरंबा करून त्यावर लावा, म्हणजे पाणी साचणार नाही. मोठ्या जातीच्या दोन बेटांत पंधरा फूट आणि भिंतीपासून किमान दहा-बारा फूट सोडा. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यायचंच. खाली पडलेला पाला झाडून जाळू नका, तिथेच राहू द्या, त्याचंच आच्छादन होतं.

खरी गोची तोडणीत होते. आपल्या कित्येक बागांत बेट कुणी वर्षानुवर्षं विरळच करत नाही. बाहेरच्या काठ्यांवर नावं कोरलेली आणि आत वाळक्यांचा गुंता. तोडायच्या त्या आतल्या, तीन वर्षांवरच्या काठ्या. मग बाहेरच्या कोवळ्या काठ्यांमधून आत कसं जायचं? एका बाजूने वाट करायची, म्हणजे बेट वरून पाहिलं तर घोड्याच्या नालेसारखं दिसतं. पावसाळ्यात हात लावायचा नाही, तेव्हा कोंब येत असतात. थंडीचे दिवस बरे.

जुनी काठी कोणती? नव्या काठीवर पांढरी भुकटी आणि एखादी अडकलेली खोळ असते. जुनी मळकट दिसते, कधी शेवाळाचे डाग असतात. बुरुडांना एवढंही लागत नाही. एका मावशींनी मी नेलेल्या काठीवर कोयत्याची पाठ ठोकली, आवाज ऐकला आणि काठी परत माझ्या हातात दिली. ‘दादा, हिचं सूप नाही व्हायचं. कवळी हाय. कीड लागंल.’

आणि एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. काठी जमिनीजवळ गाठीच्या अगदी वर कापा. पेराच्या मधोमध कापलीत तर उरलेलं खुंट म्हणजे एक पेला होतो. त्यात पावसाचं पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास अशा पेल्यांवर टपलेलेच असतात. कूलर आणि टायर तपासणाऱ्या आपल्याला बेटातले हे पन्नास पेले दिसत नाहीत.

‘पण साप येतात ना?’

साप बांबूसाठी येत नाही, उंदरांसाठी येतो. उंदीर येतात अडगळ आणि खरकटं असेल तर. चापडा नावाचा हिरवा विषारी साप बांबूत राहतो हे खरं, पण तो घाटातल्या दमट रानातला, सिडकोतल्या कुंपणातला नव्हे. बेट विरळ ठेवलं, बुंध्यापासून दोन फूट जागा दिसती ठेवली, की भीतीचं मोठं कारण उरत नाही.

‘मुळं घराचा पाया फोडतील’

बांबूला वडा-पिंपळासारखी सोटमुळं किंवा दांडगी मुळं नसतात. तंतुमुळं असतात, गवतासारखी. पाया फोडणं त्यांचं काम नाही. पण मोठं बेट फुगत जाऊन कुंपणाची भिंत ढकलू शकतं आणि धावता कंद फरशा उचलू शकतो. म्हणून अंतर.

‘फुलला की मरतो म्हणे?’

हो, अनेक जाती आयुष्यात एकदाच फुलतात, बी टाकतात आणि सगळं बेट वाळतं. मानवेलाचं हे चक्र साधारण २५ ते ४५ वर्षांचं. मिझोरममधल्या एका जातीचं सुमारे ४८ वर्षांचं. तिथे १९५९ च्या सुमारास बांबू फुलला, बियांवर उंदरांची फौज पोसली, तिने शेतं खाल्ली आणि दुष्काळ पडला. त्यातून उभ्या राहिलेल्या असंतोषाने पुढे बंडाचं रूप घेतलं.

आपल्या अंगणासाठी यातली कामाची गोष्ट वेगळी आहे. बेटातून काढलेल्या रोपाचं वय शून्यापासून सुरू होत नाही. आईचं घड्याळ त्याच्यातही चालू असतं. ४० वर्षं वयाच्या मानवेलाचा कंद आणून लावलात तर तो तुमच्याकडे पाचच वर्षांत फुलून वाळू शकतो. टिश्यू कल्चरचं रोपही याला अपवाद नाही. म्हणून आई बेटाचं वय विचारा, आणि उद्यानात सगळी रोपं एकाच बेटाची लावू नका, नाहीतर सगळा बांबू एकाच वर्षी जाईल. व्हल्गॅरिस फारच क्वचित फुलतो, त्यामुळे त्याच्याबाबत ही काळजी कमी.

‘दारात बांबू अशुभ’

तिरडी बांबूची असते म्हणून. पण पाडव्याला गुढी कशावर उभारतो? लग्नाचा मांडव, रुखवतातलं सूप, बाळाला ज्यात ठेवून पाचवी पुजतात ते सूप? पिंपळगावचा टोमॅटो बांबूच्या आधारानेच उभा आहे. यापलीकडे माझ्याकडे या आक्षेपाला उत्तर नाही, आणि आमच्या आत्याबाईंना एवढंही पटलेलं नाही.

‘पस्तीस टक्के जास्त ऑक्सिजन देतो’

हा आकडा मोबाइलवर फिरतो. कुठल्या झाडापेक्षा, किती वयाच्या, किती जागेवर, हे त्यात कधीच नसतं. बांबू लवकर वाढतो, माती धरतो, तोडला तरी पुन्हा येतो. लावायला एवढी कारणं पुरेत.

माझ्या पिवळ्या बांबूचं काय झालं? वीज मंडळाच्या माणसांनी दोनदा छाटला, तिसऱ्यांदा मीच मजूर लावून बेट काढलं. कंद निघता निघेना, कुदळीचा दांडा मोडला. हिरव्या काठ्या फुकट जाऊ नयेत म्हणून त्यांचे पाच फुटी तुकडे करून मागे दोडक्याच्या वेलाला मांडव घातला. व्हल्गॅरिसची हिरवी काठी जमिनीत रोवली की तिला मुळं फुटतात, हे मी तेव्हा वाचलेलं नव्हतं. श्रावणात दोडक्याच्या आधी मांडवाला पालवी आली. चार खुंटांना. त्यातला एक शेजारच्यांच्या हद्दीत आहे, आणि त्यांना तो फार आवडलाय.